हौसाक्काचं खळीचं फडकं

दुपारची भाकरी पोटात गेली की वनिता चौगुलेचे डोळे मिटायला लागतात. लागणारच की. पहाटे उठून दूध संस्थेचं शटर वर करणारी, सकाळ-संध्याकाळ अख्ख्या गावाचं दूध तपासून घेणारी बाई ती. दुपारी पडली नाही तर संध्याकाळी फॅटच्या मशीनवरच पेंगेल. म्हणून ती माजघरात चटई टाकते, हाताची उशी करते आणि भिंतीकडं तोंड करते, की लागलीच झोप. आज मात्र झोप येतेय, उंबऱ्याशी घुटमळतेय आणि मागं फिरतेय.

का, ते आधी सांगून टाकलेलं बरं. आज संध्याकाळी मालन मगदूम आपल्या म्हशीचं दूध घेऊन संस्थेत येणार आहे. चेअरमन आणि सगळे संचालक खुर्च्या टाकून बसणार. वनितानं त्यांच्यादेखत त्या दुधात आयोडीन टाकायचं. दूध पिवळट राहिलं तर मगदुमांचं घर पुन्हा संस्थेचं सभासद होणार, निळं झालं तर कायमचं बाहेर. पहिल्यांदा बाहेर काढलं ते गेल्या हिवाळ्यात. मालनची सासू हौसाक्का, तिच्या दुधात पीठ निघालं म्हणून. निघालं म्हणजे वनितानंच काढलं. बी.एस्सी. झालेली सून, गावात केमिस्ट्री शिकलेली तीच एक. तालुक्याच्या डेअरीनं तपासणीची पेटी नवी नवी पाठवली होती. हिनं नळीत दूध उकळलं, निववलं, आयोडीनचे थेंब टाकले आणि नळी उजेडात धरली. रांगेतल्या सगळ्यांना निळं दिसलं.

"पुन्यांदा बघ गं वनी," हौसाक्का एवढंच म्हणाली होती. वनितानं पुन्हा बघितलं. पुन्हा निळंच. मग किटलीतलं दूध गटारात ओतलं, बाहेरच्या फळ्यावर हौसाक्काचं नाव खडूनं लिहिलं, आणि गाव तिला पीठवाली म्हणायला लागलं. गाव कशाला, वनिताची सासूसुद्धा नळावर सगळ्यांत म्हणायची. हौसाक्का भादव्यात तापानं गेली. नाव मात्र गेलं नाही, ते मागं राहिलं.

तिच्या बाराव्याला वनिता मगदुमांकडं जेवायला गेली होती. जेवणं झाल्यावर चहा टाकायचा म्हणून मालननं खुंटीवरचं दूध गाळायचं फडकं काढलं आणि झटकलं. ते कडकड वाजलं. भाताच्या पेजेत बुडवून वाळवलेलं, म्हणजे चांगली खळ दिलेलं फडकं होतं ते. मालन सासूचं कौतुक सांगायला लागली, "ताई, तुम्ही म्हनला हुता न्हवं, दूध धुतल्या पांढऱ्या फडक्यातनं गाळून आना? तवापास्नं अत्तींनी ह्ये नवं फाडलं. रोज धुवायच्या आन लुगड्यासंगं खळ द्यायच्या. संस्थेत न्यायाचं दूध मळक्या चिंधीतनं कसं गाळायचं, म्हनायच्या. मीबी तसंच चालू ठेवलंय."

आता पेज म्हणजे काय, भाताचं पीठच की पाण्यात उतरलेलं. ते दळून आणून मुद्दाम घातलंय की फडक्यातनं सुटलंय, हे आयोडीनला कुठलं कळायला? ते दोन्हीला निळंच होणार. हौसाक्कानं दुधात काहीएक घातलं नव्हतं. वनितानं केलेला नियम तिनं सणासारखा पाळला, एवढाच तिचा गुन्हा. वनिताला हे उभ्या जागी कळलं. तिनं तो चहा प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि घरी आली. कुणाला अवाक्षर बोलली नाही.

बोलली नाही, पण हात बांधून बसली असंही नाही. परवा तिनं बाजारातनं बारीक जाळीची गाळणी आणली आणि मालनच्या हातात ठेवली. "फडकं ठेवून द्या आता, ह्यानं गाळा," म्हणाली. संपलं. आज दूध निळं होणार नाही. मालन सभासद होईल, दोन पोरांच्या घराला आधार होईल, आणि हौसाक्काच्या दुधाचं तेव्हा नक्की काय झालं होतं, हे विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा येणार नाही. लोक म्हणतील, सासू तसली होती पण सून सरळ निघाली. सगळ्यांचं भलं, आणि वनिताच्या केसालाही धक्का नाही. किती शहाणपणानं जमवलंय बघा हे. आणि ते जमवल्यापासून तिला स्वतःची लाज वाटतेय, नुसती वाटतेय असं नाही, जेवताना घास अडतोय.

बाहेरच्या सोप्यात वनिताची सासू शेंगा फोडत बसलीय. टरफलांचा कटकट आवाज येतोय. वनिता कूस बदलते. आवाज जरा लांब जातो, मग जवळ येतो, आणि जवळ येतो तेव्हा तो किटल्यांच्या झाकणांचा असतो.

ती संस्थेत उभी आहे. रांग लागलीय, पण रांगेतली सगळी माणसं पाठमोरी. आत चुन्याचा वास आहे. काउंटरपलीकडं हौसाक्का, डोक्यावर पदर, रिकाम्या हातानं.

"आलीस व्हय?" ती म्हणते. जसा काय उशीर वनितालाच झालाय.

"अक्का, तुम्ही तर..."

"गेले की मी. भादव्यात. तू जेवाय न्हवतीस आलीस? इसरलीस?"

वनिता मान खाली घालते. काउंटरवरचा फरशीचा तुकडा बघत राहते. तो तिनं हजारदा पुसलाय, तरी आज पहिल्यांदा बघितल्यासारखा बघते.

"मान वर कर. सांडशीला," हौसाक्का म्हणते.

वनिताच्या हातात नळी आहे, नळीत दूध उकळतंय. खाली जाळ नाही, तरी उकळतंय. ती सवयीनं आयोडीनचे थेंब टाकते. दूध निळं होत नाही. तिला एवढं हायसं वाटतं की ती हसते, आणि हसली म्हणून लगेच कानशिलं तापतात.

"बघा अक्का. काही नाही दुधात."

"गरम हाय तंवर दिसायचं न्हाई. तूच सांगितलं हुतंस की सगळ्यास्नी."

सांगितलं होतं खरं. रांगेपुढं उभं राहून, मोठ्या ऐटीत. पिठाची साखळी स्प्रिंगसारखी वेटोळी असते, आयोडीन त्या वेटोळ्याच्या पोकळीत जाऊन बसतं म्हणून निळं दिसतं. ताप दिला की वेटोळं सैल होतं, आयोडीन सुटतं, निळं जातं. निवलं की पुन्हा येतं. म्हणून तपासताना घाई करायची नाही. लोकांनी तेव्हा माना डोलावल्या होत्या, आणि एक म्हातारा म्हणाला होता, चौगुल्यांनी सून झकास आणली.

"निवू दे की मग," हौसाक्का म्हणते. "कुटं जायाचं हाय आपल्याला?"

वनिता नळी निवू देत नाही. दोन्ही तळहातांत धरते, उबेत. कुणी बघतंय का म्हणून मागं वळते, तर मागं कॉलेजची लॅब आहे. कोल्हापुरातली, तिच्या वेळची. लाकडी टेबलं, त्यांवर ॲसिडचे डाग, आणि गॅसच्या नळाला दावं बांधून हौसाक्काची म्हैस उभी आहे. हौसाक्का उंच स्टुलावर बसलीय, तिचे पाय जमिनीला पुरत नाहीत.

"हितं शिकलीस व्हय तू?"

"हो."

"काय शिकवत्यात हितं?"

"पुष्कळ काही. साखर शिकवतात."

"साखर शिकाय कॉलेजात जावं लागतंय?" हौसाक्काला गंमत वाटते. "बरं मग मला येक सांग. गवत चाटलं तर गोड लागतंय का? न्हाई. कडबा? त्योबी न्हाई. आन त्येच खाऊन ही दूध देती ते गोड. ह्ये कसं?"

वनिताला हा प्रश्न आवडतो. तिला तो नेहमी आवडायचा. लाज क्षणभर बाजूला राहते आणि ती फळ्यापाशी जाते, एका हातात नळी घट्ट धरून दुसऱ्या हातानं खडू घेते. "गवतसुद्धा साखरच आहे अक्का. ग्लुकोज नावाची साखर. तिचे मणी एकाला एक गुंफून लांब माळ केली की गवताची काडी होते, लाकूड होतं. भाताचं पीठ, ज्वारीचं पीठ, तीसुद्धा त्याच मण्यांची माळ. फक्त दोन मण्यांमधली गाठ वेगळी. पिठातली गाठ आपल्या लाळेला सोडवता येते. गवतातली गाठ उलट्या अंगानं मारलेली, ती कुठल्याच माणसाला सुटत नाही."

"म्हशीला सुटती?"

"तिलाही नाही. तिच्या पोटात बारीक जंतू असतात, ते सोडवतात. साखर खातात आणि आंबट रस मागं सोडतात. त्या रसातनं म्हैस पुन्हा नवी साखर करते. एक ग्लुकोजचा मणी आणि एक दुसऱ्या साखरेचा, असे दोन जोडून दुधात सोडते. रेडकाला ती सहज पचते."

"आता कळलं," हौसाक्का म्हणते. "हिनं येकदा वाळत घातलेलं माझं लुगडं खाल्लं हुतं. अर्धं. मी बोंब मारली, आन मालक म्हनलं, आता दूध बंद. पन तसंच दिलं हिनं. लुगडंबी साखरच म्हन की."

"सुती असेल तर साखरच. कापूस म्हणजे तेच मणी."

"आन त्येला दिल्याली खळ?"

खडू थांबतो. म्हैस रवंथ करायची थांबते. वनिता फळ्याकडं तोंड करून उभी राहते, कारण वळलं तर हौसाक्काचा चेहरा दिसेल.

"तीही," ती म्हणते.

"म्हंजे साखरंला साखर लावून मी साखर गाळली." हौसाक्का पदर तोंडाला लावून हसते. त्या हसण्यात टोमणा नाही, म्हशीनं लुगडं खाल्लं ते सांगताना होतं तेच हसू. "आन आमाला वाटायचं, आमी काय खातो, काय नेसतो, काय इकतो, सगळं येगळं."

वनिता वळते तेव्हा तिच्यापुढं पत्रावळ आहे. मगदुमांचं अंगण, मांडव, बाराव्याची पंगत. सगळे जेवताहेत आणि कुणाच्या तोंडाचा आवाज येत नाही. हौसाक्का स्वतःच वाढतेय, कमरेला पदर खोचून. भाताचा एक घास ती वनिताच्या तोंडात देते, लहान पोराला देतात तसा.

"चाव. गिळू नगंस."

वनिता चावते. भात मऊ होतो, मग पातळ होतो, मग गोड व्हायला लागतो. लाळ पिठाच्या गाठी सोडवतेय, हे तिला ठाऊक आहे. शाळेत पोरांना हे ती दरवर्षी करून दाखवते, बोलावणं आलं की. पण एवढा गोड भात तिनं कधी चावलेला नाही. पंगतीतली सगळी माणसं हात थांबवून तिच्या तोंडाकडं बघायला लागतात.

"लागलं गोड?"

वनिता मान हलवते.

"लागायाचंच. माझ्या बाराव्याचं जेवान हाय," हौसाक्का म्हणते आणि शेजारी बसते. "तुला येक इचारायचं ऱ्हायलंच. त्या दिशी संस्थेतनं घरला आले आन मी जेवलेच न्हाई. दुसऱ्या दिशीबी मन झालं न्हाई. पन गोठ्यातलं सगळं वढत हुते, शेन, वैरण, पानी. ते कशावर गं? पोटात तर काय न्हवतं."

वनिताच्या तोंडात घास आहे, तरी ती सांगते. तिला सांगावंच लागतं, हाच तर तिचा विषय. "यकृतात साखर साठवलेली असते, अक्का. तेच मणी, पण फांद्या फुटलेल्या माळेत. ग्लायकोजेन म्हणतात. उपाशी माणसाला आधी ती पुरते. फार नाही, दिवसभर कशीबशी."

"आन ती सरल्यावर?"

"मग शरीर चरबी जाळतं. पण मेंदूला थोडी तरी साखर लागतेच, म्हणून मग अंगातलं मांस मोडून तिची साखर करतं."

"मोडतं व्हय." हौसाक्का आपल्या दंडाकडं बघते. दंड अगदी बारीक आहे. "तरीच."

"अक्का, तुम्ही त्यामुळं..."

"तापानं गेले गं मी. वयबी झालं हुतं. ते तुझ्या गळ्यात बांधाय आले न्हाई मी. मागनं जेवत हुते की बरी. देवळात जायाचं तेवढं सोडलं हुतं. ते काय तापानं न्हवं."

हे ती अगदी सहज बोलते, आज पाण्याची पाळी कुणाची आहे ते सांगावं तसं. वनिताला वाटतं हिनं एकदा तरी आवाज चढवावा. दोन शिव्या द्याव्यात, झिंज्या धराव्यात. ते सोसलं असतं. असं सहज बोललेलं तिला सोसवत नाही आणि पत्रावळीवरनं उठताही येत नाही.

उठावं लागतच नाही. पायाखाली पाणी आहे. नदीचा घाट, धुण्याचे दगड, ऊन कसलंच नाही आणि अंधारही नाही. हौसाक्का उकिडवी बसलीय. तिच्यापुढं पेजेनं भरलेलं घमेलं, त्यात पांढरं फडकं बुडलेलं.

"ये. त्या टोकाला धर. माझ्या येकटीच्यानं पिळत न्हाई."

धरायचं तर हातातली नळी ठेवायला हवी. वनिता ती जवळच्या दगडावर उभी करते आणि घमेल्यात दोन्ही हात घालते. पेज कोमट आहे, बुळबुळीत. ती फडक्याचं टोक शोधते, हौसाक्का दुसरं टोक धरते, आणि दोघी उलट्या बाजूंनी पीळ भरायला लागतात. फडकं पिळेल तसं लांबतंय. हौसाक्का मागं मागं सरकतेय, पाण्यात गुडघ्यापर्यंत, मग कमरेपर्यंत. तिचा आवाज मात्र कानाशी आहे.

"मालनला गाळणी दिलीस."

वनिताच्या हातातला पीळ सुटतो.

"लई भलं केलंस बाई. आता तिचं दूध निळं व्हायाचं न्हाई. मला घोर हुता, ती माझंच फडकं वापरत हुती ना. माझ्यावानी तिचंबी दूध गटारात गेलं असतं, पोरं काय खातील? तुझं डोस्कं चाललं. देव तुझं कल्याण करंल."

वनिताला बोलायचंय. तिला म्हणायचंय, अक्का, मी भलं केलं नाही, मी झाकलं. मला बाराव्यापासून ठाऊक आहे. तुमच्या घरात, तुमच्या फोटोसमोर बसून मला कळलं आणि मी तुमचा चहा पिऊन गप घरी आले. पण तोंडात अजून तो घास आहे, गोड, गिळताही येत नाही नि थुंकताही येत नाही. ती नुसती मान हलवते, नाही, नाही.

"न्हाई काय, व्हय. तुझं बरोबरच हाय," हौसाक्का तिची समजूत घालते. "नोकरी हाय तुझी. आता सांगितलंस तर हसतील लोक. चेअरमन म्हनंल, हिला तपासाय येत न्हाई. गेलेल्या मानसाला नाव घिऊन काय करायचंय? ऱ्हाऊ दे."

पाणी तिच्या छातीपर्यंत आलंय. फडकं दोघींमध्ये ताणलेलं.

"फकस्त येक सांग. मला वाचाय येत न्हाई. फळ्यावर काय लिवलं हुतंस?"

आता मात्र घास तोंडात नाही. केव्हा गेला कळलं नाही. वनिताला उत्तर द्यावंच लागतं.

"हौसाबाई बाळू मगदूम," ती म्हणते. "दुधात पीठ."

"समदं नाव लिवलंस? मालकांचंबी?"

"हो."

एवढ्या वेळात पहिल्यांदाच हौसाक्काचा चेहरा पडलाय. "त्येंचं कशाला?" ती हळू आवाजात म्हणते. "ते बिचारं कवाच गेलेलं." मग विचारते, "पुसलं का मग?"

"पुसलं गेलं. नवे दर लिहायचे होते, तेव्हा."

"म्हंजे दरासाठनं पुसलं."

हौसाक्का वनिताच्या पलीकडं, दगडाकडं बघते. वनिताही बघते. नळी तिथंच उभी आहे. तळाकडनं निळं चढायला लागलंय, हळूहळू, सगळ्या दुधात. घाटावर आता रांग उभी आहे आणि रांगेतली माणसं पाठमोरी नाहीत.

"निवलं बघ," हौसाक्का म्हणते, आणि आपल्या हातातलं टोक सोडून देते.

"वनिता, ऊठ गं. उन्हं उतरली. मिटींगला जायाचं न्हाई का?"

सासू चहाचा कप घेऊन उभी आहे. वनिता उठून बसते. कप घ्यायला ती हात पुढं करते, पण बोटं उघडत नाहीत. एकमेकांना चिकटलीत, दोन्ही हातांची. ती जोर लावून सोडवते तेव्हा कातडीवर वाळलेला पांढरा पातळ थर तडकतो आणि त्याचे पापुद्रे चटईवर पडतात.

सासू वाकते. एक पापुद्रा उचलून दोन बोटांत चुरडते, नाकाशी नेते. जन्मभर खळ दिलेल्या बाईला ते दुसऱ्यानं सांगावं लागत नाही.

"खळ हाय ही. कुटं हात घातलास? आपल्यात काल न्हाई, आज न्हाई, भात शिजलाच न्हाई."

वनिता हातांकडं बघत बसते. काहीतरी सांगून वेळ मारून नेता येईल. शेजारीण खळ करत होती म्हणावं, तिला हात लावला म्हणावं. तिची जीभ तसं म्हणायला उचलतेही, आणि त्याची तिला एवढी किळस येते की दुसरंच बाहेर पडतं.

"अत्ती, हौसाक्काच्या दुधात पीठ नव्हतं."

"मग काय हुतं?"

"हेच. गाळायच्या फडक्याला दिलेली खळ. पांढऱ्या धुतल्या फडक्यातनं गाळून आणा असं मी सांगितलं, म्हणून त्या फडकं रोज धुवून खळ द्यायच्या. तीच दुधात उतरली. त्यांनी कधी काही घातलं नाही, अत्ती. एक चिमूटसुद्धा नाही."

सासू कप खाली ठेवते. हौसाक्का तिच्याच बरोबरीची. एकाच वर्षी दोघी ह्या गावात लग्न होऊन आल्या, एका दगडावर धुणी धुतली. आणि नळावर चारचौघींत, हौसाक्का घागर घेऊन उभी असताना, पीठवाली म्हणून हाक मारणारीही हीच. ती भिंतीला टेकून खाली बसते. खाली ठेवलेल्या चहावर साय धरते.

मग विचारते, "तुला कवा कळलं ह्ये?"

वनिताला वाटलं होतं, खळीचं सांगितलं की सांगून झालं. नव्हतं झालं. खरं सांगायचं राहिलंय ते हेच, आणि ते सांगताना सासूच्या डोळ्याला डोळा देता येत नाही.

"बाराव्याला."

"तिच्या बाराव्याला?"

"हो. तिथंच. मालननं माझ्यासमोर दूध गाळलं."

"आन आज म्हनत्येस."

"हो."

सासू उठते. डोक्यावरनं पदर नीट घेते, कोपऱ्यातल्या आपल्या वहाणा पायानं सरळ करते.

"चल. मीबी येते. मलाबी तिथं कायतर बोलायचं हाय." दारात गेल्यावर ती थांबते, पण मागं वळत नाही. "आन ह्ये बघ, सगळी बसल्यावर आधी ह्येच सांग, तुला कवा कळलं ते. खळीचं मागनं सांग."

वनिता न्हाणीकडं जात नाही. हात तसेच ठेवून ती चपला घालते आणि सासूच्या मागनं बाहेर पडते.